जातकातील रामपंडित आणि कंबनाचा राम

चैत्र शुद्ध नवमीचा सूर्य माथ्यावर येतो, जन्माख्यान शेवटास पोचते, पाळण्याची दोरी हलते, गुलाल उधळला जातो आणि सुंठवड्याचा प्रसाद हातोहात फिरू लागतो. महाराष्ट्रात गावोगावी आज हा सोहळा संपन्न होईल. अशा वेळी देवळाच्या पायरीवर बुवांना गाठून श्रोते जे प्रश्न विचारतात, त्यांत दोन प्रश्न आताशा हटकून असतात. पहिला असा, की बौद्धांच्या रामायणात सीता ही रामाची बहीण आहे म्हणतात, ते खरे काय? दुसरा असा, की तमिळ देशात रावणाला थोर मानतात, ते खरे काय? या दोहोंच्या पाठीमागे एक तिसरा प्रश्न दडलेला असतो. तो सहसा कोणी उघड विचारीत नाही. मग खरे रामायण कोणते?

आजच्या पावन दिवशी या प्रश्नांचा थोडा सविस्तर विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. रामकथेची अनेक रूपे असणे ही मराठी माणसाला नवलाची गोष्ट नाही. नाथमहाराजांनी भावार्थ रामायणात वाल्मीकींच्या कथेला अध्यात्माचा अर्थ दिला. मोरोपंतांनी तर अष्टोत्तरशत रामायणे रचली असे आपण मानतो, आणि त्यांपैकी निरोष्ठ रामायणात ओठ न मिटता म्हणता येतील अशाच वर्णांची योजना केली. एकाच भाषेत, एकाच उपासनेत इतकी रूपे होऊ शकतात, तर ही कथा भाषा ओलांडून आणि पंथ ओलांडून गेली तेव्हा तिचे काय झाले असेल, याची जिज्ञासा सुज्ञ वाचकांस निश्चितच वाटेल.

शोकाकुल श्रोत्यासाठी

प्रथम बौद्धांकडे वळू. पाली जातकसंग्रहात ४६१ वी कथा 'दशरथ जातक' या नावाची आहे. दुर्गा भागवत यांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने जातकांचा मराठी अनुवाद अनेक खंडांत करून ठेविला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. जातककथेची एक ठराविक रचना असते. भगवान बुद्धांसमोर काही प्रसंग घडतो, त्यावरून ते पूर्वजन्मीची कथा सांगतात, आणि अखेरीस त्या जन्मी कोण कोण होते याचा मेळ घालतात. या मेळास 'समोधान' म्हणतात.

दशरथ जातकाचा प्रसंग श्रावस्तीच्या जेतवन विहारातील आहे. एका गृहस्थाचा पिता निवर्तला. त्या शोकाने तो इतका ग्रासला गेला की त्याने सर्व कामधाम टाकून दिले. बुद्ध स्वतः त्याच्या घरी गेले आणि त्याचे सांत्वन करण्यासाठी त्यांनी ही कथा सांगितली. वाराणसीस दशरथ राजा होता. पट्टराणीपासून त्याला रामपंडित, लक्ष्मण आणि सीता अशी तीन अपत्ये झाली. ती राणी वारल्यावर दुसरी पट्टराणी झाली, तिला भरत झाला, आणि त्या आनंदात राजाने तिला वर दिला. भरत सात वर्षांचा होताच तिने राज्य मागितले. राजाने तिला झिडकारले खरे, परंतु ती मुलांचा घात करील या भयाने त्याने राम व लक्ष्मण यांस अरण्यात जाण्यास सांगितले. ज्योतिष्यांनी राजाचे आयुष्य बारा वर्षे उरले आहे असे भाकीत केले होते. म्हणून बारा वर्षांनी परतून राज्य घ्यावे, असे ठरले. सीताही भावांबरोबर निघाली. हिमालयात पर्णकुटी बांधून तिघे राहू लागली.

ज्योतिष चुकले. राजा नवव्याच वर्षी पुत्रशोकाने मरण पावला. अमात्यांनी भरताला राजछत्र देण्याचे नाकारले आणि भरतही ते न घेता रामाला आणण्यासाठी वनात गेला. राम आश्रमात एकटाच होता. भरताने पित्याच्या निधनाची वार्ता सांगितली आणि तो रडू लागला. राम रडला नाही. सायंकाळी फळे घेऊन लक्ष्मण आणि सीता परतली, तेव्हा ही वार्ता एकाएकी ऐकून त्यांचे काही बरेवाईट होऊ नये म्हणून रामाने उशीर झाल्याचे निमित्त करून त्यांना शिक्षा म्हणून तळ्याच्या पाण्यात उभे केले आणि मग ती सांगितली. ती दोघे पुनःपुन्हा मूर्च्छित झाली. तेव्हा भरताने विचारले, तुला शोक कसा होत नाही? त्याच्या उत्तरादाखल रामपंडिताने अनित्यतेचा जो उपदेश केला, तोच या जातकाचा प्राण होय.

वाल्मीकींच्या अयोध्याकांडातील प्रसंग याच्याशी ताडून पाहावा. तेथे भरताच्या मुखातून पित्याचे निधन ऐकताच श्रीराम कुऱ्हाडीने तोडलेल्या वृक्षासारखे भूमीवर कोसळतात. शुद्धीवर येऊन विलाप करतात, मंदाकिनीवर जाऊन जलांजली देतात आणि इंगुदीच्या पेंडीचा पिंड देतात. चक्रवर्ती राजाच्या वाट्याला आलेला तो वनवासी पिंड वर्णन करताना कीर्तनकाराचाही कंठ दाटतो. आता पुढची गोष्ट पाहा. त्यानंतर भरताला समजावताना वाल्मीकींचे श्रीराम पिकल्या फळाचा दृष्टांत देतात. फळाला जसे पडण्याचे, तसे जन्मलेल्याला मरणाचे भय ठरलेले आहे. जातकातील रामपंडिताच्या उपदेशातही हाच दृष्टांत जवळजवळ त्याच शब्दांत आहे. संस्कृत आणि पाली या दोन पात्रांत एकाच विहिरीचे पाणी आहे, हे यावरून स्पष्ट दिसते.

फरक एवढाच, की वाल्मीकींचे श्रीराम आधी रडतात आणि मग समजावतात. रामपंडित रडतच नाही. दोहोंपैकी थोर कोण, हा वाद आम्हांस निष्फळ वाटतो. कीर्तनाच्या शास्त्रात श्रोता पाहून आख्यान लावावे, असा दंडक आहे. सुतकाच्या घरी कोणी सीतास्वयंवर लावीत नाही. जेतवनातील तो श्रोता पितृशोकाने खचलेला होता. त्याला रावणवध ऐकून काय लाभ झाला असता? म्हणून या कथेत रावण नाही, लंका नाही, सेतू नाही आणि (आम्हां कीर्तनकारांच्या जिवाला चटका लावणारी गोष्ट म्हणजे) मारुतिरायही नाहीत. पिता गेला असता पुत्राने कसे उभे राहावे, एवढेच रामकथेतून वेचून बुद्धांनी त्या गृहस्थाच्या ओंजळीत घातले.

बहिणीचा प्रश्न

आता तो अवघड प्रश्न. तीन वर्षांनी राम परत येतो आणि सीता त्याची पट्टराणी होते, असे या जातकात खरोखरच आहे. १९९३ साली फैजाबादेत एका प्रदर्शनातील या जातकाविषयीच्या फलकावरून मोठा क्षोभ उसळला आणि तेथे मोडतोडही झाली. श्रद्धावंताचे मन दुखावते हे आम्ही समजू शकतो. परंतु क्षोभ होण्यापूर्वी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात, असे आमचे नम्र मत आहे.

पहिली गोष्ट ग्रंथाच्या रचनेची. जातकात गाथा आणि गद्य असे दोन थर आहेत. गाथा हा मूळ त्रिपिटकाचा भाग मानतात. गद्य ही अट्ठकथा, म्हणजे भाष्य असून तिला आजचे रूप पुष्कळ नंतर सिंहलद्वीपात आले. दशरथ जातकाच्या गाथांत राम, लक्ष्मण, सीता आणि भरत ही नावे आहेत, पण सीता बहीण असल्याचा वा तिच्याशी विवाह झाल्याचा शब्दही नाही. तो सारा भाग गद्यातला आहे. उलट वेस्संतर जातकाच्या गाथांत माद्री राणी वनातून फळे घेऊन परतत असता श्वापदे तिची वाट अडवतात, तेव्हा ती आपल्या पतिनिष्ठेला रामाची अनुव्रता जी सीता, तिची उपमा देते. म्हणजे बौद्धांच्या जुन्या गाथांनाही सीता ही रामाची पतिव्रता पत्नी म्हणूनच ठाऊक होती.

दुसरी गोष्ट शाक्यांच्या कुलकथेची. दीघनिकायातील अम्बट्ठ सुत्तात शाक्यकुळाची उत्पत्ती सांगितली आहे. ओक्काक, म्हणजेच इक्ष्वाकू राजाने आवडत्या राणीच्या पुत्राला राज्य देण्यासाठी थोरल्या पुत्रांना देशोधडीस लावले. ते हिमालयाच्या उतारावर राहिले आणि रक्ताची शुद्धी राखण्यासाठी त्यांनी आपल्या बहिणींशी विवाह केले. त्यांचे वंशज ते शाक्य. आवडती राणी, वनवास, हिमालय आणि बहीण हीच पट्टराणी, हा सारा साचा दशरथ जातकाच्या गद्यात उतरलेला दिसतो. कथेच्या अखेरीस समोधान काय, तर शुद्धोदन तो दशरथ, राहुलमाता यशोधरा ती सीता, आनंद तो भरत, सारिपुत्त तो लक्ष्मण आणि स्वतः तथागत तो राम. बुद्ध स्वतः सूर्यवंशी, इक्ष्वाकुकुलोत्पन्न. रामाला आपल्या कुळाची कथा नेसवून बौद्ध भाष्यकाराने त्याला घरचा माणूस करून घेतले. आपल्या गुरूच्याच पूर्वजन्माला जे नाव दिले, ते अवमानासाठी दिले असेल, हे संभवत नाही. आमच्या धर्मशास्त्राला असा विवाह सर्वथा निषिद्ध आहे आणि तो तसाच राहील. तथापि दुसऱ्याच्या कथेचा अर्थ त्याच्या हेतूवरून लावावा, हेही शास्त्रच होय.

या जातकावरून एक जुना वाद झालेला आहे आणि त्यात एका मराठी पंडिताने उत्तम कामगिरी बजावली आहे. जर्मन पंडित वेबर यांनी १८७० मध्ये असे प्रतिपादन केले, की रामकथेचे मूळ रूप हे दशरथ जातक असून पुढचा सीताहरण व लंकेचा भाग होमरच्या ग्रीक काव्याच्या छायेत रचला गेला. त्याला १८७३ मध्ये मुंबईतून इंग्रजीत सविस्तर उत्तर दिले ते काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस होते. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तेलंगांनी आरडाओरड केली नाही. वेबर यांचे एकेक प्रमाण घेऊन ते तपासले आणि ते टिकत नाही असे दाखविले. श्रद्धेच्या विषयावर वाद कसा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे. पुढे फादर कामिल बुल्के यांनी 'रामकथा: उत्पत्ति और विकास' या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी ग्रंथात सर्व सामग्री पुन्हा तपासली आणि दशरथ जातक हे रामकथेचे मूळ नसून तिचेच एक बदललेले रूप आहे, असा निर्वाळा दिला.

चीनला गेलेली कथा आणि लंकेतला श्रोता

बौद्ध परंपरेत सीताहरणाची कथा नव्हती, असेही मानण्याचे कारण नाही. इसवी सन २५१ मध्ये काङ् सेंगहुई या भिक्षूने चिनी भाषेत उतरविलेल्या एका जातकात राजाचे नाव नाही, राणीचे नाव नाही, पण कथा ओळखू येते. मामा राज्यावर चाल करून येतो. आपल्यासाठी प्रजेचे रक्त सांडू नये म्हणून राजा लढाईच करीत नाही. राणीला घेऊन वनात जातो. एक दुष्ट नाग राणीला पळवितो, एक पक्षी त्याच्याशी झुंजतो, वानर साहाय्याला येतात, समुद्र ओलांडला जातो, नाग मारला जातो आणि राणीच्या शुद्धतेची साक्ष धरणी दुभंगून देते. येथे श्रोता निराळा, म्हणून सार निराळे. अहिंसा आणि राज्यत्याग यांवर सारा भर आहे. ४७२ मध्ये चिनीत आलेल्या दुसऱ्या एका दशरथकथेत चार भाऊ आहेत, वनवास आहे, पण सीताच नाही. भावाभावांतील निष्ठा हाच तिचा विषय.

सर्वांत विलक्षण आहे ते महायान पंथाचे 'लंकावतार सूत्र'. त्याच्या पहिल्याच परिवर्तात लंकाधिपती रावण पुष्पक विमानातून येऊन बुद्धांना आपल्या नगरीत धर्म सांगण्याची विनंती करतो. एका क्षणी सारी सभा, सारी लंका आणि स्वतः बुद्धही अदृश्य होतात. रावण एकटाच आपल्या घरी उरतो आणि त्याला उमगते, की हे जे दिसत होते ते आपल्याच चित्ताचे रूप होते. ज्याला सीतेच्या पलीकडे काही दिसेनासे झाले म्हणून त्याचा नाश झाला, तोच येथे दृश्याच्या मिथ्यत्वाचा पहिला जिज्ञासू झाला आहे.

द्रविड देशीचा राम

बौद्ध आणि तमिळ या दोन प्रवाहांचा संगम एका ग्रंथात झालेला आहे. 'मणिमेखलै' हे सात्तनार कवीचे तमिळ महाकाव्य बौद्ध धर्माचे आहे. त्यातील मणिमेखलेजवळ कधीही रिते न होणारे भिक्षापात्र असते. कायचंडिका नावाची एक स्त्री ऋषीच्या शापाने अशी बुभुक्षित झालेली असते, की काही केल्या तिची भूक शमत नाही. ती मणिमेखलेला सांगते, की रामासाठी वानरांनी समुद्रात लोटलेले पर्वत जसे त्याच्या पोटात गडप झाले, तसे माझ्या पोटात अन्न गडप होते. बौद्ध काव्यातील एक भुकेली बाई आपले दुःख सेतुबंधाच्या उपमेने सांगते. तमिळ घरादारात रामकथा किती मुरलेली होती, याला आणखी प्रमाण कशाला हवे?

त्याहून प्राचीन अशा संघम काव्यातही रामकथेचे असेच उल्लेख सहजगत्या येतात. 'पुरनानूरु'मधील एका कवीला राजाकडून इतके अलंकार मिळाले, की त्याच्या घरच्या माणसांनी बोटातले कानात आणि कमरेचे गळ्यात घातले. कवीला आठवले ते सीतेने टाकलेले अलंकार वाटेल तसे अंगावर चढविणारे वानर. 'अकनानूरु'मध्ये गावातील कुजबुज थांबल्याचे वर्णन आहे, आणि उपमा आहे ती धनुष्कोडीच्या वटवृक्षाखाली रामाची मसलत चालली असता गप्प झालेल्या पक्ष्यांची. ही दोन्ही चित्रे वाल्मीकींत अशी नाहीत. दक्षिणेच्या मातीत ती उगवली.

पुढे आळवारांचा काळ आला आणि रामकथा भक्तीने भिजली. कुलशेखर आळवार हे राजे होते. त्यांनी कौसल्येचे अंगाईगीत गायिले आणि दशरथाचा विलापही गायिला. त्यांची एक आख्यायिका आम्हांस फार प्रिय आहे. रामायणाचे निरूपण चालले असता, खराच्या चौदा हजार राक्षसांपुढे राम एकटा उभा आहे, हे ऐकताच राजे आसनावरून उठले आणि रामाच्या साहाय्याला सैन्य सिद्ध करा, अशी त्यांनी आज्ञा दिली. रामाने एकट्यानेच त्या सर्वांचा संहार केला, हे पुराणिकाने सांगितले तेव्हा कुठे ते शांत झाले. असा श्रोता लाभावा म्हणून कीर्तनकाराने जन्मभर टाळ-चिपळ्या वाजवाव्यात.

कंबनाचे 'इरामावतारम्'

या भूमीवर कंबन उभा राहिला. तंजावर प्रांतात मयिलाडुतुरैजवळचे तेरळुंदूर हे त्याचे गाव. काळाविषयी मतभेद आहेत. काही पंडित नववे शतक मानतात, पुष्कळजण बारावे. सडैयप्प वळ्ळल नावाच्या दात्याने त्याचा सांभाळ केला आणि कवीने काव्यात वारंवार त्याचे नाव गोवून त्याचे ऋण फेडले. दहा हजारांहून अधिक पद्यांचे हे काव्य राज्याभिषेकाशी संपते. उत्तरकांड कंबनाने रचिले नाही. आरंभी तो स्वतःला क्षीरसागर चाटून संपवू पाहणाऱ्या मांजराची उपमा देतो. श्रीरंगम् येथे रंगनाथाच्या मंदिरात हे काव्य प्रथम वाचले गेले, अशी परंपरा सांगते. तो मंडप आजही दाखवितात. वाल्मीकींत नसलेली हिरण्यकशिपूची कथा कंबनाने बिभीषणाच्या मुखी घातली, तेव्हा पंडितांनी आक्षेप घेतला, आणि समोरच्या नृसिंहाने मान डोलावून संमती दिली, अशी आख्यायिका आहे.

कंबनाने केलेले बदल पाहिले म्हणजे त्याचा श्रोता डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याचा कोसल देश हा कावेरीकाठचाच देश आहे. पाण्याने तुडुंब, शेतांनी हिरवा. वाल्मीकींच्या कथेत धनुर्भंगापूर्वी सीता आणि राम यांची दृष्टादृष्ट होत नाही. कंबनाच्या मिथिलेत विश्वामित्रांमागून चालणारा राम वर पाहतो, सौधावरची सीता खाली पाहते आणि दोन हृदयांची अदलाबदल होते. तमिळ काव्यशास्त्रात 'अकम्' म्हणजे अंतरीच्या प्रेमाचे काव्य आणि त्यात विवाहापूर्वी मने जुळणे ही शिष्टसंमत रीत. ज्या श्रोत्यांचे कान त्या काव्यावर पोसले होते, त्यांना मने न जुळलेले स्वयंवर कोरडे वाटले असते.

सीताहरणात वाल्मीकींचा रावण सीतेला केसांना धरून उचलतो. कंबनाचा रावण तिला स्पर्श करीत नाही. परस्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध स्पर्श केल्यास मरण, हा शाप त्याला आठवतो आणि तो पर्णकुटीसकट जमीनच उचलून नेतो. सीता ज्या श्रोत्यांच्या देव्हाऱ्यात बसली होती, त्यांना तो स्पर्श ऐकवला नसता. तारेचे उदाहरण तसेच. वाल्मीकींत वालीनंतर ती सुग्रीवाजवळ राहते. कंबनाच्या काव्यात ती विधवेच्या वेषात क्रुद्ध लक्ष्मणासमोर येते, आणि तिला पाहून लक्ष्मणाला अयोध्येतल्या आपल्या मातांची आठवण होते. त्याचा क्रोध तेथेच गळतो. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगावी लागते. या बदलात वाल्मीकींचा रोखठोकपणा हरवतो. वानरांचा आचार वानरांचा म्हणून सांगण्याचे आदिकवीचे धैर्य कंबनाने घेतले नाही. परंतु त्याच्या मोबदल्यात जे करुण चित्र दिले, तेही सामान्य नव्हे.

कंबनाचे परमवैभव आम्हांस त्याच्या बंधुभावात दिसते. निषाद गुह भेटला तेव्हा आम्ही चार भावांचे पाच झालो, सुग्रीव भेटला तेव्हा सहा झालो आणि आता तुझ्यासह सात, असा हिशेब त्याचा राम बिभीषणापुढे मांडतो. नावाडी, वानर आणि राक्षस, तिघेही दशरथाच्या घरचे. भरताची थोरवी तर कंबनाने गुहाच्या तोंडून रामाहूनही चढती सांगितली आहे.

रावणाविषयीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. कंबनाचा रावण शिवभक्त आहे, सामगायक आहे, पराक्रमी आहे. त्याच्या देहाला खिळलेले बाण पाहून मंदोदरी विलाप करते, तेव्हा सीतेची अभिलाषा या देहात कोठे दडली आहे ती शोधीत रामबाण फिरला काय, असे तिला वाटते. एवढ्या मोठ्या पुरुषाचा एका वासनेपायी नाश व्हावा, हे दुःख गडद करण्यासाठी कंबनाने त्याला उंच केले. विसाव्या शतकात पेरियार रामस्वामी यांच्या चळवळीने रावणाला द्रविडांचा नायक ठरविले आणि अण्णादुराई यांनी कंबनावर कठोर टीका लिहिली. ती आधुनिक राजकारणाची मांडणी होय. कंबनाने रावणाला मोठे केले, परंतु पूजिले ते रामालाच.

या तमिळ कथेशी आपला मराठी संबंधही आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. समर्थ संप्रदायाचे मठ तेथे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनाच्या धाटणीवरून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. तमिळ भागवतर आजही साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही नावे घेतात. आमच्या छंदांत त्यांचा राम गायिला जातो, याचा आम्हां कीर्तनकारांना केवढा आनंद!

पादुका

आता त्या न विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. खरे रामायण कोणते? आमच्या उपासनेचे आणि अध्ययनाचे रामायण वाल्मीकींचे. त्याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु ही सारी रूपे शेजारी ठेवून पाहता एक गोष्ट ठसठशीतपणे उरते. सीतेचे नाते बदलले, रावणाचा नाग झाला, मारुती कोठे आले कोठे नाही आले. वनवास मात्र चुकला नाही. हाती आलेले राज्य सोडून वनात जाणारा पुरुष या सर्व कथांत आहे. आणि जेथे भरत आहे तेथे बहुधा पादुकाही आहेत.

वाल्मीकींच्या भरताने सुवर्णभूषित पादुका मस्तकी घेऊन नंदिग्रामातून राज्य चालविले. कंबनाच्या भरतानेही तेच केले. जातकातील रामपंडिताजवळ सुवर्ण कोठून असणार? पित्याने घातलेली बारा वर्षांची मुदत पुरी झाल्यावाचून येणार नाही, असे म्हणून त्याने गवताच्या पादुका दिल्या. त्या तीन वर्षे सिंहासनावर होत्या. अमात्यांनी न्याय चुकीचा दिला की त्या एकमेकींवर आपटत आणि न्याय योग्य झाला की निश्चल राहत. सत्तेवर बसलेल्याने कसे असावे, हे त्या गवताच्या जोडाइतके नेमके आम्ही अन्यत्र क्वचितच वाचले आहे. तमिळ देशातील वेदान्तदेशिकांनी याच पादुकांवर १००८ संस्कृत श्लोकांचे 'पादुकासहस्र' रचिले. तिरुपतीला जाऊन आलेल्या वाचकांच्या मस्तकावर पुजाऱ्याने शठारी ठेविली असेल. तीही भगवंताची पादुकाच. आणि आषाढात आळंदीहून व देहूहून पालखीत बसून निघतात त्याही पादुकाच.

दोन भावांनी एकमेकांकडे ढकललेले राज्य आणि रिकाम्या सिंहासनावर ठेविलेली एक जोडी, एवढे ज्या कथेत शाबूत आहे ती रामाची कथा. आज घरोघरी भाऊ भावाशी जमिनीच्या तुकड्यासाठी कोर्टात उभा आहे. त्याने वाल्मीकी वाचावा, कंबन ऐकावा वा जातक उघडावे. कोणत्याही दाराने गेला तरी आत भरतच भेटेल. सुंठवड्याचा प्रसाद घेताना त्या भरताचे स्मरण सर्व वाचकांस घडो, हीच आजच्या मंगल दिवशी प्रभू रामचंद्राच्या चरणी प्रार्थना.